मन्मथअप्पाचे वॉल

मन्मथअप्पाबद्दल आमच्या चुडाव्यात दोन खोट्या गोष्टी सांगतात. एक, तो मिलिटरीत मोठा साहेब होता. दुसरी, महादेवाच्या देवळात पोथीसाठी जे बोलकं खोकं ठेवलं होतं ते सगळं त्यानेच केलं. पहिली गोष्ट त्याने स्वतः पसरवली. दुसरी गावाने. खोकं मी केलं. सागवानाचं, लाकडी खुंट्या मारून, एक खिळा न वापरता. आतलं त्याचं, बाहेरचं माझं. हे आधी मिटवून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळ्या मनाने लिहिता येईल.

माझं शिक्षण दुसरी. तेही उर्दूत, कारण तेव्हा सरकार निजामाचं होतं. मराठी अक्षर मी नंतर पाट्या वाचून वाचून पक्कं केलं. ज्याला यात चुका काढायच्या त्याने काढाव्यात. अप्पाबरोबर उठलेला-बसलेला माणूस गावात आता माझ्याशिवाय कोणी उरला नाही, तेव्हा लिहिणारही मीच. बोलताना मी त्याला अप्पा आणि तुमी म्हणायचो. लिहिताना मात्र 'तो' असंच लिहितो. वयाने आम्ही बरोबरचे, आणि आता तो रागवायला येणार नाही.

अप्पा दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात सिकंदराबादला एका वर्कशॉपमध्ये होता. मिलिटरीचे बिघडलेले वायरलेसचे सेट तिथं दुरुस्तीला येत. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, वर्कशॉपही उठलं. तेव्हा तो एक लोखंडी पेटी घेऊन परत आला. चुडाव्यात वीज नव्हती आणि रेडिओही नव्हता, म्हणून त्याने परभणीला स्टेशनच्या अंगाला एक अरुंद खोली घेतली आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, अंगात खाकी शर्ट. शर्टाच्या खिशात पेन्सिल, आणि पेन्सिलीच्या टोकाला सायकलच्या ट्यूबची रबरी टोपी. त्या टोपीने तो वॉलच्या काचेवर हळूच टिचकी मारायचा आणि कान लावून ऐकायचा.

वॉल म्हणजे काचेचा दिव्यासारखा बोंडा. त्याशिवाय तेव्हा रेडिओ बोलत नसे की आवाज मोठा करायचं यंत्र चालत नसे. आतली तार तापली की वॉल कामाला लागतो, एवढं मला अप्पाने सांगितलं आणि एवढ्यावर माझं भागलं. वॉलवर इंग्रजी नंबर असत. अप्पाला ते पाठ होते, पण तो नंबराने कधी बोलला नाही. माणसांसारखी त्यांची नावं पाडली होती. थोराड, पोटाशी फुगलेला, पेटला की निखाऱ्यासारखा लाल दिसणारा एक वॉल होता, त्याचं नाव लाल्या. करंगळीएवढे दोन वॉल होते, ते चालू असले तरी उजेड म्हणून दिसायचा नाही. ती मुकी जोडी. सगळे वॉल तो पितळेच्या डब्यात कापूस घालून ठेवायचा. कापूस सरकी काढलेलाच पाहिजे. एकदा मी घरचा सरकीचा कापूस नेला तर म्हणाला, "मिस्तरी, तू दगडाच्या गादीवर झोपशील का?" आणि माझ्यादेखत बसून सगळी सरकी वेचून काढली. गिऱ्हाईक उभंच.

त्याचा एक प्रश्न ठरलेला. कोणी यंत्र मागायला आलं की तो आवाजाचं काही विचारत नसे. विचारायचा, "खाऊ काय घालणार?"

जिंतूरकडचा एक कापसाचा व्यापारी पोरीच्या लग्नासाठी मोठा आवाज करणारं यंत्र मागायला आला होता, तेव्हा मी दुकानात होतो. मला दाराची चौकट बसवायची होती आणि अप्पा उंबऱ्यावरून हलत नव्हता. व्यापाऱ्याला लाल्या पसंत पडला. अप्पाने तो पेटवून दाखवला होता ना. पेटवला की कोणालाही तोच पसंत पडायचा.

"असे चार लावा," व्यापारी म्हणाला. "चार गावं ऐकली पायजेत."

"खाऊ काय घालणार?"

"आवं, मला वाजवायचंय. जेवण न्हाई घालायचं त्याला."

"लाल्या जेवल्याबिगर बोलत न्हाई, सेठ. आधी नुस्तं तापायला त्याला लय लागतंय, बोलणं मागून. तुमच्या गावात वीज हाय?"

"न्हाई."

"मंग मोटारीची बॅटरी आली. ती उतरली की भरायला परभणीला आणा. आणणार कशात?"

"मोटारीच्या टपावर टाकू की."

"आन् ॲसिड सांडलं खाली नवरीच्या मामावर?"

मग अप्पाने डब्यातून मुकी जोडी काढली. ही तापायला टॉर्चमध्ये घालतात तसा एक मसाला, म्हणजे सेल, घेते, आणि बोलायला विटेएवढी एक कोरडी बॅटरी. भरायची नाही, सांडायची नाही, काखेत मारून कुठंही न्या. आवाज मात्र मांडवापुरता.

"ह्याच्यात दिवा तर लागंना," व्यापारी म्हणाला.

"लागलाय."

"कुठं?"

"तुमाला दिसत न्हाई म्हणून लागला न्हाई का?"

व्यापारी जोडे घालून जो गेला तो परत आला नाही. अप्पाचं दुकान असंच चालायचं, म्हणजे फारसं चालत नव्हतं. मी म्हणालो, "अप्पा, द्यायचा होता लाल्या. तुमचं काय गेलं असतं?" तर म्हणाला, "आवाज आपल्या ऐपतीत पायजे मिस्तरी. न्हाईतर लगीन राहतंय बाजूला आन् सगळे वऱ्हाडी बॅटरी धरून बसत्यात." हेच तो बैल घेणाऱ्याला सांगायचा आणि सोयरीक जुळवणाऱ्यालाही सांगायचा. आधी काय खातोय ते बघा, मग कसा दिसतोय ते.

एवढं शहाणपण त्याने जन्मभर दुसऱ्याला सांगितलं. स्वतःच्या बहिणीच्या वेळी विसरला.

त्याची बहीण गंगाआक्का. अप्पा अंगणात रांगत होता तेव्हा ती विधवा होऊन माहेरी आली. आई लवकर गेली, म्हणून अप्पाला तिनेच वाढवलं. अक्षरंही तिनेच शिकवली, पोथीवर त्याचं बोट ठेवून. पोथी वाचायला तिच्या वडिलांनी तिला शिकवलं होतं, आणि ते गेल्यावर श्रावणात महादेवाच्या देवळात दुपारची पोथी आक्काच वाचू लागली. बाईने चौरंगावर बसून पोथी सांगायची हे तेव्हा दुसऱ्या गावात कोणी चालू दिलं नसतं. आमच्याकडे चाललं, कारण आक्काचा आवाज. देवळाच्या पाठीमागे वावरात खुरपणाऱ्या बाया खुरपं थांबवून ऐकायच्या. एरवी आक्का लग्नात मागे उभी राहायची, हळदीला बोलावणं नसायचं. श्रावणाचा महिनाभर मात्र गावातल्या सवाशिणी तिच्या पाया पडायच्या. वर्षातला तेवढा महिना ती कोणीतरी होती.

तिच्या गळ्याला गाठ आली आणि आवाज बसत गेला. परभणीच्या डॉक्टरने हैदराबादला जाऊन कापून घ्या म्हणून सांगितलं. आक्का म्हणाली, गळ्यात लिंग हाय, तिथं सुरी लावायची न्हाई. विषय संपला. त्या साली पोथी सभामंडपातल्या पुढच्या बायांनाच तेवढी ऐकू गेली.

पुढल्या सालच्या श्रावणाआधी गावचा मालीपाटील, म्हणजे सारा गोळा करणारा पाटील, आक्काच्या घरी आला. माणूस वाईट नव्हता. त्याची म्हातारी आई पोथीला पहिल्यापासून यायची, पण पाटलाच्या घरच्या बाया सभामंडपात सगळ्यांत मिसळून बसत नसत. समोर लिंबाच्या झाडाचा पार होता, त्यावर त्यांची घोंगडी पडायची. आक्काचा आवाज पारापर्यंत जाईना आणि म्हातारी घरी येऊन पाटलाला बोलायची.

"आक्का, लय केलंव तुमी," पाटील म्हणाला. "औंदा आराम करा. पूर्णेकडचं एक पोरगं हाय, आवाज खणखणीत हाय त्याचा."

आक्का धान्य पाखडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "पारावर आवाज आला तर?"

"आला तर तुमीच वाचा की. मला काय दुश्मनी हाय?"

आमच्याकडे चाल अशी की पहिल्या दिवशी जो पोथीचं पहिलं पान उलटेल त्याच्याच हाताने समाप्ती व्हायची. मध्ये हात बदलायचा नाही. म्हणजे जे काय ठरायचं ते पहिल्या दुपारी. त्या दिवशी पूर्णेचं पोरगं येणार, आक्काही येणार, आणि पारावर आवाज आला तर आक्का बसणार.

आक्काने अप्पाला निरोप धाडला. मी परभणीला चाललोच होतो, निरोप मीच नेला. अप्पाने ऐकून घेतलं आणि वर्कशॉपच्या पेटीतून एक काळा टेलिफोनसारखा दांडा काढला. मिलिटरीचा. त्याच्या तोंडात कोळशाची पूड असते, बोललं की ती हलते आणि त्याच्यावर यंत्र चालतं. पूड मधूनच बसते, मग दांडा बोटाने वाजवून ती मोकळी करायची. "हे तोंड झालं," अप्पा म्हणाला. "आता गळा बघू."

पहिलं यंत्र त्याने मुक्या जोडीचंच केलं. त्याच्यासाठी खोकं करायला मी बसलो तेव्हा आमचं भांडण झालं. त्याला रेडिओसारखं सुबक, गोल कोपऱ्याचं खोकं पाहिजे होतं. मी म्हणालो, पखवाजाचं लाकूड कमी केलं तर तो काय बोलेल? समोरची फळी मोठी पाहिजे. तो म्हणाला, तू मला शिकवायलास का? मी म्हणालो, व्हय. चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मग एका दुपारी त्याने माझ्यादेखत स्पीकर काढला आणि दुकानाच्या दारालाच तो टेकवून वाजवून पाहिला. आवाज भरून आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "फळी मोठीच कर." म्हणून फळी माझी, हे मी ठासून सांगतो.

आक्काच्या घरी यंत्र लावून पाहिलं. दांडा स्पीकरच्या समोर आला की खोकं मोठी शीळ घालायचं.

"हे माझ्या आधीच वरडायलंय की रे," आक्का म्हणाली.

"बाजूला धर. त्याला स्वतःचा आवाज ऐकवायचा न्हाई. ऐकला की चढतंय डोक्यात."

"तुझ्यासारखंच हाय म्हण."

दांडा बाजूला धरून तिने दोन ओव्या वाचल्या. आवाज तिचाच होता, जरासा नाकातून, पण अंगणभर आला. मी कुंपणापर्यंत चालत गेलो, शब्द कळत होता. कुंपणाच्या पलीकडे कळत नव्हता. देवळापासून पार कुंपणापेक्षा लांब होता हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

अप्पा परभणीला गेला आणि लाल्याचं यंत्र करायला बसला.

मी म्हणालो, "अप्पा, खाऊ काय घालणार?"

"तू गप राह्य."

"मोटारीची बॅटरी चुडाव्याहून परभणीला रेल्वेत कोण नेणार? महिनाभर?"

"मी नेतो. डोक्यावर नेतो. तुला काय करायचंय?"

बॅटरीचा जोर लाल्याला पुरत नाही, मध्ये एक घरघर करणारी डबी लावावी लागते. ती त्याने जुन्या मिलिटरीच्या सेटातून काढली. डबीची घरघर आवाजात उतरायची, म्हणून तो ती गोधडीत गुंडाळून बघत होता. मुक्या जोडीला यातलं काही लागत नव्हतं. मी त्याला तेही ऐकवलं. तो म्हणाला, "मिस्तरी, त्या दिवशी गाव बघायला येणार हाय. ऐकायला कमी, बघायला जास्त. आक्काच्या बाजूला हे लाल पेटलेलं दिसलं पायजे." आता कळतं ते तेव्हाही कळत होतं. व्यापाऱ्याला जे पसंत पडलं तेच ह्यालाही पसंत पडलं होतं.

पहिल्या दिवशी देऊळ भरलं. पुरुषही आले, जे कधी येत नसत. पूर्णेचं पोरगं नवं उपरणं घालून खांबाला टेकून बसलं होतं. पारावर घोंगडी, घोंगडीवर पाटलाची म्हातारी आणि तिच्या सुना. चौरंगाच्या बाजूला माझं खोकं, आणि खोक्याच्या वर, झाकण काढून, उघडा लाल्या. झाकण मी केलं होतं. अप्पाने ते मुद्दाम घरी ठेवलं.

लाल्या पेटला. आधी आतून तांबूस, मग चांगला लाल. बायांच्यात कुजबुज उठली. अप्पा कमरेवर हात देऊन उभा राहिला, आणि मी सांगतो, तो तेव्हा खरंच मिलिटरीतला साहेब दिसत होता.

आक्का दांड्यात बोलली, "ऐकू येतंय का वं?"

पारावरून म्हातारीच्या धाकट्या सुनेने हात वर केला. येत होतं. घरघरीसकट येत होतं, पण येत होतं.

इथंच पोथी सुरू केली असती तर पुढचं काही झालं नसतं. पण नवीन वस्तू पूजेवाचून कशी चालवायची? आमच्याकडे नांगराची पूजा होते, मोटेची होते, नवीन सायकल आणली तर तिची होते. पुजारी पुढं झाला. खोक्याला भस्माचे पट्टे ओढले, बेल वाहिला. सवाशिणी आल्या, हळदकुंकू लावलं. एकीने माझ्या फळीवर लावलं, ते बरोबर होतं. अप्पा बघत होता. त्याला वाटलं असेल, काय बिघडतंय. त्याच्या आयुष्यात त्याच्या कामाला कोणी हळदकुंकू लावलं नव्हतं. मग पुजाऱ्याने पायरीवर नारळ फोडला, आणि अर्ध्या करवंटीतलं पाणी बोटांनी देवावर शिंपडलं, पोथीवर शिंपडलं आणि लाल्यावर शिंपडलं.

चट्ट असा आवाज झाला. काच तडकली, आतला लाल रंग क्षणभर भडकला आणि गेला. डबीची घरघर तेवढी राहिली.

पुजाऱ्याचा हात तसाच वर राहिला. तो बिचारा घाबरून म्हणाला, "अप्पा, माझ्याकडनं काय झालं का?"

अप्पा लाल्याकडे बघत होता. तसला दुसरा वॉल त्याच्यापाशी नव्हता, परभणीतही मिळणार नव्हता. मी समजलो, आता हा पुजाऱ्याच्या अंगावर जाणार. तो खाली बसला, बॅटरीची तार काढली, घरघर बंद केली आणि म्हणाला, "तुमाकडनं न्हाई स्वामी. तापलेल्यावर पाणी पडलं. तापवून मी ठिवला होता."

मालीपाटलाने पूर्णेच्या पोराकडे पाहिलं. पोरगं उठून उभं राहिलं आणि उपरणं नीट करू लागलं. आक्का चौरंगावरून उठायला लागली. तिने पोथीचं फडकं परत बांधायला घेतलं होतं.

"बस तू," अप्पा म्हणाला. "उठू नगंस."

तो जोडे न घालता घरी गेला आणि मुकं यंत्र काखेत मारून आला. खोक्यातून लाल्याचा पाट, म्हणजे वॉल आणि तारा बसवलेली पाटी, काढला आणि मुक्या जोडीचा बसवला. पाट अडकवायच्या दोन पट्ट्या मी धरल्या. कोरडी बॅटरी जोडली. बायांना काही दिसेना.

"दिवा न्हाई लागला वाटतं," कोणीतरी म्हणालं.

ह्या वेळी अप्पाने उत्तर दिलं नाही. दांडा वाजवून पूड मोकळी केली आणि आक्काच्या हातात दिला. आक्काने पहिली ओवी म्हटली. सभामंडपात शेवटच्या खांबापर्यंत स्वच्छ आली, घरघर नाही, काही नाही. सगळ्यांनी पाराकडे पाहिलं. धाकट्या सुनेने हात वर केला नाही. एकदा सासूकडे पाहिलं आणि मान हलवली. न्हाई.

"बघा आक्का," मालीपाटील म्हणाला. त्यालाही बरं वाटत नव्हतं. "ठरलं होतं आपलं."

आक्का म्हणाली, "ठरलं होतं."

तेव्हा पारावर म्हातारी उठली. गुडघ्यावर हात देत उठली, सुनेचा हात झिडकारला आणि काठी टेकत देवळाकडे यायला लागली. मालीपाटील धावला. "माय, कामून उठलीस? घोंगडी तिकडं हाय."

"घोंगडीला ऐकायचंय का मला?" म्हातारी म्हणाली. "आवाज पारावर येत न्हाई, आवाज पारावर येत न्हाई, किती बोंबलायचं? पार सोडून आले तर मी काय झिजंन का?"

"आगं, पण तू सगळ्यांत कशी बसशील?"

"बुडावर बसन. बाकीच्या कशावर बसायल्यात?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. म्हातारी सभामंडपात शिरली, दोघी खुरपणाऱ्या बाया सरकल्या, आणि ती त्यांच्या मध्ये भिंतीला पाठ लावून बसली. सुना पारावर कशा राहतील? त्याही आल्या. मालीपाटील पायरीवर उभा राहून बघत राहिला. म्हातारी आतून म्हणाली, "मला ऐकू आलं गंगे. उलट पान."

आक्काने पान उलटलं. पूर्णेच्या पोराला पाटलाने जेवू घालून संध्याकाळच्या पॅसेंजरने लावून दिलं. पोरगं भलं होतं, तेही थोडा वेळ बसून ऐकून गेलं.

पुढचं सगळं शेवटी सांगण्यात अर्थ नाही म्हणून इथंच सांगतो. त्या श्रावणानंतर अप्पाने परभणीचं दुकान बंद केलं आणि कामासाठी हैदराबादला गेला. काही सालांनी राज्य तुटलं, परभणी मुंबईकडे आली, हैदराबाद तिकडे राहिलं, आणि अप्पाही तिकडेच राहिला. आक्काची समाप्ती ती शेवटचीच. पुढल्या उन्हाळ्यात ती गेली. गाठीनेच गेली. अप्पा आला तेव्हा मी मुलीकडे बाहेरगावी होतो, भेट झाली नाही. म्हणून मला अप्पा शेवटचा दिसला तो समाप्तीच्या दुपारी.

महिनाभर तो चुडाव्यातच राहिला होता. रोज दुपारी खोक्याच्या मागे मांडी घालून बसायचा. कोरडी बॅटरी भरता येत नाही, ती हळूहळू उतरते. दुसरी आणायला तो परभणीला जाऊन आला, तर दुकानदाराने सांगितलं, माल यायचाय. मग त्याने बटण बारीक करत करत दिवस काढले. आवाज कमी झाला तशा बाया पुढं सरकल्या. कोणी सांगितलं नाही, आपोआप. शेवटच्या आठवड्यात चौरंगाला गुडघे लागायला लागले. पाटलाची म्हातारी तर आक्काच्या मांडीशीच. लेकरू रडलं तर त्याची आई उठून बाहेर जायची. इतकी शांतता मी त्या देवळात आधी पाहिली नव्हती, पुढंही नाही.

समाप्तीच्या दिवशी मी खोक्याला हात लावून बसलो होतो. पोथी चालू असली की फळी हाताला हलायची. त्या दिवशी हलेना. मी अप्पाकडे पाहिलं. त्याने बोट ओठावर ठेवलं.

अध्याय बदलताना आक्का पाणी प्यायली आणि पदराआडून हळूच म्हणाली, "मन्मथ, हे मेलंय न्हवं?"

"मेलंय."

"कवा?"

"सोमवारी."

"आन् मला कामून सांगितलं न्हाईस?"

"तू वाचायली होतीस की."

आक्काने त्याच्याकडे बघितलं. रागावली असं वाटलं. मग तिने दांडा उचलला, तोंडाच्या बाजूला रोजच्यासारखा धरला आणि पुढची ओवी म्हटली. पायरीवर मालीपाटील बसला होता ना.

समाप्ती झाली. पोथीची ओटी भरली, बेल वाहिला, सगळे पाया पडले. पाटलाची म्हातारी उठायच्या आधी खोक्यावर हात फिरवून अप्पाला म्हणाली, "पहिल्या दिवशी जरा नाकात बोलत होतं बाबा. पण आज तुझं यंत्र लय गोड बोललं."

"व्हय माय," अप्पा म्हणाला. "आता कुठं सूर धरलाय त्यानं."

आणि तो बॅटरीच्या तारा सोडायला खोक्याच्या मागे वाकला. मी पाठीमागून बघत होतो. तारा दोनच होत्या, सुटायला एवढा वेळ लागत नाही. खाकी शर्टात त्याचे खांदे हलत होते. हसत होता की काय, मी विचारलं नाही. म्हातारी देवळाबाहेर पडून लिंबाखाली पोचली तरी तो वाकलेलाच होता.